शेऱ्याचा रकाना

बुधवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी कार्यालयात आगीची घंटा झाली आणि अकरा वाजून सहा मिनिटांनी मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. हातात चहाचा कप होता. चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरताना एक थेंबही सांडला नव्हता, आणि त्याचं मला क्षणभर कौतुकसुद्धा वाटलं. मग माणसं बाहेर यायला लागली. कुणी हसत, कुणी फोनवर बोलत, कुणी डबा घेऊन. सगळ्यात शेवटी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताई आल्या. एका काखेत कुबडी, दुसऱ्या बाजूला शिपाई. ताईंना खाली आणण्याचं काम माझं होतं. तसा कागद जिन्याजवळच्या भिंतीवर दोन वर्षं लावलेला आहे. डावीकडे ज्यांना आधार लागतो ते, उजवीकडे जो आधार देईल तो. तो कागद मीच टाईप केला होता.

अर्थात आग नव्हती, सराव होता. सुरक्षा अधिकाऱ्याने घड्याळ बंद केलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "घंटा झाली की पहिली वस्तू कुठली घ्यायची? पाकीट नाही, मोबाइल नाही. आपला माणूस." कुणीतरी मागून म्हणालं, "साहेब, त्यांनी चहा घेतला. गार झाला असता ना." सगळे हसले. ताईही हसल्या. म्हणाल्या, "अहो, निदान मला अर्धा कप तरी आणायचात." मीही हसलो. हसताना कप थोडा हलला आणि चहा बोटांवर सांडला. परत वर जाताना लिफ्टमध्ये ताई आणि मी दोघंच होतो. दुसऱ्या मजल्याच्या सुमाराला त्या आकड्यांकडे बघत हळूच म्हणाल्या, "कुबडी तुमच्याच पायाने पडली. मी कुणाला म्हटलं नाही हं." तेव्हा मला आठवलं. खुर्चीला टेकवलेलं काहीतरी पायाला लागलं होतं, आणि फरशीवर आवाज झाला होता. तो आवाज मी ऐकला होता. ऐकून मी पुढे गेलो होतो.

मी शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं करतो. एकतीस वर्षं हेच केलं. एक मिनिट म्हणजे काय हे माझ्याइतकं फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. एका मिनिटात गर्दीच्या वेळी एक थांबा होतो, दुपारी दोन होतात. एका मिनिटात म्हातारं माणूस बसमध्ये चढतं, सुटे काढतं, बसतं आणि ड्रायव्हर त्याच्यासाठी थांबतो, कारण ते मिनिट मी त्याला दिलेलं असतं. लोक 'एक मिनिट' म्हणतात तेव्हा त्यांना दहा सेकंद म्हणायचे असतात किंवा अर्धा तास. मला साठ सेकंद म्हणायचे असतात. म्हणूनच आम्ही डायव्हिंग शिकलो त्या पहिल्या आठवड्यात मास्तरांनी सांगितलेला नियम मला बायकोपेक्षा आधी पाठ झाला होता. पाण्याखाली जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं. नाही सापडला तर हळूहळू वर यायचं. तोही तेच करील, पाण्याच्या वर भेट होईल. मास्तर म्हणाले होते, "एक मिनिट फार मोठं असतं. संसारात कुणी इतकं शोधत नाही." माझी बायको तेव्हा इतकी हसली होती की तिच्या तोंडातली नळी पाण्यात पडली.

गेली तेरा वर्षं आम्ही दरवर्षी एकदा परदेशात जातो. अर्धे दिवस तिचे, अर्धे माझे, असा आमचा करार होता. ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढते. जमिनीखालच्या नळांचे, म्हणजे जे दिसत नाही त्याचे. त्यामुळे तिला पडकी शहरं, तटबंद्या, दगडी गटारं, अर्धवट भिंती बघायच्या असत. भिंतीचा एक तुकडा दिसला की ती डोळे मिटून उरलेलं घर उभं करायची आणि मला सांगायची, इथे चूल, इथे दार, इथे सासू बसत असणार. मला पाण्याखाली जायचं असे. मेहुणी म्हणायची, "भाऊजी, पाण्याखाली तरी हिची बडबड ऐकावी लागत नाही, म्हणून जाता ना?" आणि बायको म्हणायची, "अगं, तिथे तोच जास्त बोलतो. हातांनी. माझे मेले ऐकून ऐकून डोळे दुखतात." पुढेपुढे तिचे दिवस आणि माझे दिवस असं काही उरलं नाही. बुडालेल्या बंदरात आम्ही धक्क्याचे दगड मोजले. एका जहाजाच्या पोटात तिने मला हाताला धरून स्वयंपाकघर दाखवलं. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल आम्ही एका ठरावीक वर्षापर्यंत बोललो आणि मग बोललो नाही. त्या जागी हे आलं असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षानंतर आमच्या घरात एक नोंदवही आली हे खरं.

नोंदवही तिची. जाड, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक बुडीला समोरासमोर दोन पानं, डावीकडे मी, उजवीकडे ती. मनगटावरचं यंत्र दर काही सेकंदांनी खोली टिपतं. घरी आल्यावर ती ते आकडे काढून घेते आणि प्रत्येकाच्या पानावर बारीक पेनाने त्याची रेघ काढते. खाली उतरत गेलेली, मग सपाट, मग वर येणारी. लोक हे संगणकावर ठेवतात. ती म्हणते, हाताने काढल्याशिवाय मला कळत नाही आपण कुठे गेलो होतो. खाली शेऱ्याचा रकाना असतो आणि तो आपला आपण भरायचा नाही, हा आमचा घरचा नियम. माझ्या पानावर ती लिहिते, तिच्या पानावर मी. मग एकमेकांच्या पानावर सही. 'कासवामागे धावला, हवा संपवली.' 'हिने खेकड्याला नमस्कार केला.' 'मास्कमध्ये पाणी गेलं तरी शांत राहिला, शाबास.' अशी एकशे अठ्ठेचाळीस जोड्यांची पानं झाली. एकशे एकोणपन्नासावी बुडी मागच्या हंगामातली, नऊ महिन्यांपूर्वीची. तिची रेघ अजून काढायची आहे, अशी माझी समजूत होती. येत्या शुक्रवारी आम्हाला पुन्हा निघायचं आहे आणि रविवारी जेवताना ती म्हणाली होती, "यंत्रांच्या बॅटऱ्या झाल्या की घेऊन ये. वही पुरी करू या एकदा." मी हो म्हटलं आणि आणखी एक पोळी वाढून घेतली.

ते एक बुडालेलं गाव होतं. धरण बांधताना दरीतलं सगळं गाव पाण्याखाली गेलं होतं. रस्ते, विहीर, गिरणी, आणि गावाच्या वेशीवरचं दोन खोल्यांचं जकातघर, जे गावापेक्षाही कितीतरी शतकं जुनं होतं. खोली सतरा मीटर. वर होडीत एक म्हातारा होडीवाला, त्याला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्याची. आदल्या दिवशी त्याच डोंगरावरच्या संग्रहालयात आम्ही एक दगडी शवपेटी पाहिली होती. झाकणावर नवरा-बायको शेजारी शेजारी आडवे, हातात हात. नवऱ्याच्या दाढीचा केस न् केस कोरलेला, बायकोचा चेहरा मात्र गुळगुळीत, कोरलाच नव्हता. तिथली वाटाडी म्हणाली, नवरा आधी मेला, बायको मेली की चेहरा करायचा असं ठरलं होतं, पण ती बाई परत आलीच नाही. मी बायकोला म्हटलं, "बघ, संधी मिळाली की पळतात." ती त्या गुळगुळीत दगडाकडे बघत म्हणाली, "पळाली कशावरून? कुणी बोलवायलाच गेलं नसेल."

जकातघराच्या दाराला तिने दोर बांधला आणि पुढे झाली. दोर सोडत सोडत ती, मागे दोरावर हात ठेवून मी. पहिल्या खोलीत दगडी ओटा होता, बहुधा तराजूचा. दुसऱ्या खोलीच्या दारात तिने वळून माझ्यावर उजेड टाकला, बोटांचं कडं करून विचारलं, ठीक? मी कडं दाखवलं, ठीक. मग माझे पाय भिंतीला लागले असतील, किंवा छतावर आमचे बुडबुडे गेले असतील. वरून गाळ सुटला. आधी तिचा दिवा तपकिरी झाला, मग लाल, मग दिवा नव्हताच. डोळ्यांपुढे हात धरला तर हात नव्हता. फक्त माझा श्वास, ओढल्याचा आणि सोडल्याचा, एखादा दुसराच माणूस माझ्या कानात श्वास घेतोय असा. माझ्या डाव्या हातात दोर होता. तिच्या बाजूला तो सैल होता, माझ्या बाजूला, दाराकडे, ताठ. मी मोजायला सुरुवात केली. एक, दोन. उजवा हात पुढे केला. तीन, चार. काहीतरी माझ्या बोटांना लागलं, मऊ, सरकतं. ते तिचं बोट होतं की तरंगणारा शेवाळाचा धागा हे मी नऊ महिने ठरवतो आहे. मी अकरापर्यंत मोजलं. बारा म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यानंतरची आठवण एकदम उजेडाची आहे, मनगटावरचं यंत्र सारखं किंचाळत होतं, की तू फार वेगाने वर येतो आहेस.

होडीवाल्याने मला काखेत धरून आत घेतलं. त्याने दोन बोटं वर केली आणि मग एक बोट दुमडलं. दुसरी कुठे? मी हाताने खुणावलं, येते आहे. म्हाताऱ्याने पाण्याकडे पाहिलं. मग खाली वाकून माझ्या टाकीला जोडलेला हवेचा काटा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि परत हळूच सोडून दिला. काटा अर्ध्यावर होता. तो माझ्याकडे बघत राहिला. काही बोलला असता तर बरं झालं असतं, कळलं नसतं तरी. पाणी सपाट होतं. दूर डोंगरावर एक ट्रक वळणं घेत चढत होता. पहिल्या वळणापासून दुसऱ्यापर्यंत त्याला पन्नास सेकंद लागले. मी हे मोजलं. माझी बायको खाली अंधारात होती आणि मी ट्रकची वेळ लावत बसलो होतो. जायला हवं, जायला हवं, असं मनात चाललं होतं आणि पंख घातलेले पाय होडीच्या तळाशी असे पडले होते की जणू दुसऱ्याचे, उधार आणलेले. सहा मिनिटांनी पाणी फुटलं आणि ती वर आली. तिचा काटा लाल पट्ट्याच्या आत होता. ओठ निळे होते. तोंडातली नळी काढून ती पहिलं वाक्य बोलली ते, "तू बरा आहेस ना?" आणि मी म्हटलं, "तुला शोधत होतो. आत्ताच वर आलो." तिने होडीवाल्याकडे पाहिलं. होडीवाला दोर गुंडाळत होता. त्या संध्याकाळी ती थोडंच बोलली. म्हणाली, तिने दोर सोडला, कारण मी दुसऱ्या खोलीत अडकलो असेन असं तिला वाटलं. दोन्ही खोल्यांचे कोपरे तिने हाताने चाचपले, एकेक करून, दोनदा. मग म्हणाली, "एक मिनिटाचा नियम मोडला मी. मास्तर रागावतील." आणि दिव्याकडे पाठ करून झोपली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. नऊ महिने मी मूठ झाकून आहे आणि तिच्यात काय आहे ते मला वासाने कळतं. ती गॅसजवळ उभी असते, मी मागून जातो आणि तिला धक्का लागू नये म्हणून भिंतीला घासून जातो. रस्ता ओलांडताना तिचा दंड धरतो, इतका घट्ट की परवा ती म्हणाली, "अरे, पळून नाही चालले." शुक्रवारच्या प्रवासाचे कागद तिने नेहमीप्रमाणे तीन आठवडे आधी भरले आणि फ्रीजच्या दाराला लावले. आजार, औषधं, रक्तगट, सगळं भरलेलं. तिच्या कागदावर 'पाण्याखालचा जोडीदार' या ओळीपुढे मात्र काही नाही. तेरा वर्षांत ती ओळ ती सगळ्यात आधी भरत आली. दूध काढायला फ्रीज उघडतो तेव्हा ती ओळ माझ्यासमोरून दाराबरोबर बाजूला जाते आणि दार लावताना परत येते. विसरली असेल, असं मी स्वतःला सांगतो. ती नळाचा एक सांधा विसरत नाही.

त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी जेवलो नाही. डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. दोन्ही यंत्रं तयार होती. दुकानदार आमचा जुना ओळखीचा, जाड भिंगांचा माणूस, यंत्राकडे बघूनच बोलणारा. "बॅटऱ्या नव्या घातल्या," तो म्हणाला. "आठवण शाबूत आहे. एकही बुडी गेलेली नाही." मी म्हटलं, "पुसता येते का?" "काय?" "जुन्या नोंदी. एखादी." त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "येते की. पण सगळी पुसली जाते, एखादी नाही. आणि कशाला पुसता? वहिनी येऊन गेल्या तेव्हाच सगळं उतरवून घेऊन गेल्या." "कधी?" "तुम्ही परत आलात त्याच आठवड्यात. इथेच बसल्या होत्या, त्या स्टुलावर. पाणी मागितलं. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी छापून द्या म्हणाल्या." स्टुलावर मोज्यांची पाकिटं ठेवलेली होती. मी त्या स्टुलाकडे बघत उभा राहिलो. "पुसू?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. यंत्रं खिशात घातली. बाहेर ऊन होतं आणि एक बस थांब्यावर आली होती, बरोबर वेळेवर. मी ती सोडली. नंतरचीही सोडली.

घरी पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. बुधवारी ती पोहायला जाते, सहाला येते. नोंदवही तिच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात असते, कुलूप नाही, कधीच नव्हतं. मी बूटही काढले नाहीत. एकशे एकोणपन्नासावी पानं कोरी असतील, अशी एक वेडी आशा मला अजून होती. ती कोरी नव्हती. डावीकडे माझी रेघ होती. तेविसाव्या मिनिटाला ती सतरा मीटरवरून भिंतीसारखी उभी वर गेलेली. उजवीकडे तिची. तेविसाव्या मिनिटाला तिथेच, सपाट. चोविसाव्या, पंचविसाव्या, सव्विसाव्या मिनिटाला सपाट. कुठेकुठे किंचित थरथर, गुडघ्यावर बसली असेल, उठली असेल. एक कोपरा, दुसरा कोपरा. एकोणतिसाव्या मिनिटाला ती रेघ वर वळत होती. शाई कुठेही फुटलेली नव्हती. इतक्या स्थिर हाताने तिने हे काढलं होतं, आणि काढून झाल्यावर मला जेवायला हाक मारली होती, माझ्या डब्यात संत्री सोलून ठेवली होती, आजारपणात माझं डोकं चेपलं होतं. माझ्या पानाखाली शेऱ्याच्या रकान्यात तिच्या अक्षरात तीन शब्द होते. 'सुखरूप वर आला.' खाली तिची सही, आणि नऊ महिन्यांपूर्वीची तारीख. तिच्या पानाखालचा रकाना रिकामा होता. सहीच्या जागी पेन्सिलीने एक बारीक फुली केलेली होती. बँकेच्या, विम्याच्या, कुठल्याही कागदावर मी चुकीच्या जागी सही करू नये म्हणून ती माझ्यासाठी करते तशी.

मी पान उलटलं, परत उलटलं. फाडावं असं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. दोन बोटांत कोपरा धरला होता. तेवढ्यात दाराला किल्ली लागली.

ती आत आली, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला, क्लोरीनचा वास. मला टेबलाशी बघून थांबली. बूट बघितले, वही बघितली. पिशवी खुर्चीवर ठेवली.

"यंत्रं आणलीस?"

मी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"जेवलास का दुपारी?"

"नाही."

"तोंडावरून दिसतंय." तिने खणातून पेन काढलं, टोपण उघडून माझ्यासमोर धरलं. "तुझी सही राहिली आहे. आणि शेरा."

"तू बोलली का नाहीस?"

"माझ्या पानावर मी लिहायचं नसतं," ती म्हणाली. "नियम कुणी केला होता?"

नियम मी केला होता. मी पेन घेतलं. रकाना दोन ओळींचा आहे. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा आवाज येत होता, कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला ओरडून सांगत होता, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. मी वेळापत्रक लिहावं तसं लिहिलं, दुसरं काही मला लिहिता येत नाही. 'अकरा सेकंद मोजले. मग वर गेलो. सहा मिनिटं होडीत बसून होतो. टाकीत अर्धी हवा होती.' शेवटचे दोन शब्द रकान्याच्या रेघेबाहेर गेले. फुलीवर सही केली.

"तारीख?" मी विचारलं.

"आजची."

मी आजची घातली. तिने वही आपल्याकडे वळवली आणि उभ्यानेच वाचलं. एकदा, मग बोट ठेवून पुन्हा एकदा. केसांतून पाण्याचा एक थेंब पानावर पडणार होता, तो तिने तळहातावर झेलला. अकरा या आकड्यावर तिचं बोट थोडं थांबलं. तो तिला ठाऊक नव्हता. यंत्रात तो नव्हता. मग तिने माझ्या हातातून पेन घेतलं, फ्रीजकडे गेली, चुंबक काढून आपला कागद दारावरच दाबून धरला आणि त्या रिकाम्या ओळीत काहीतरी लिहिलं. मी उठून पाहिलं. 'तिथला कुणीही.'

"आणि मी?"

"तू होडीत बस," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. गॅस बंद कर म्हणावं तसा आवाज होता. "ते तुला जमतं. फक्त मी वर येईपर्यंत मोजत राहायचं. अकरावर थांबायचं नाही."

तिने चुंबक परत लावलं, खुर्चीवरची पिशवी उचलली आणि केस धुवायला आत गेली. न्हाणीघराचं दार लागलं. कडी लागली. पाणी सुरू झालं.

मी बूट घालून तसाच उभा होतो. एक, दोन, तीन.